मुद्दा आणि पुरावा यांच्यामधलं वाक्य

‘ताई, नमस्कार. मी चौदा वर्षं परिचारिका म्हणून काम करते आणि गेल्या वर्षापासून नोकरी सांभाळून इतिहासात एम.ए. करते आहे. वैद्यकाचा इतिहास माझ्या आवडीचा. वाचन होतं, टिपणं भरपूर निघतात, पण निबंध तपासून आला की शेरा तोच : “माहिती चांगली, परिच्छेद विस्कळीत.” एक मैत्रीण म्हणाली, परिच्छेद पाच ते सात वाक्यांचा ठेव. दुसरी म्हणाली, दीडशे शब्द झाले की नवा परिच्छेद पाड. दोन्ही करून पाहिलं, शेरा काही बदलला नाही. सोबत ताज्या निबंधातला एक परिच्छेद पाठवते आहे. एकोणिसाव्या शतकातले डॉक्टर सेमेलवाइस म्हणाले होते की बाळंतज्वर डॉक्टरांच्या हातांवरून पसरतो. निबंधाचा प्रश्न त्यांच्याविषयी होता : “सेमेलवाइस यांच्या निष्कर्षाला पुराव्याचा आधार कितपत होता?” दोन आठवड्यांत पुन्हा लिहून द्यायचा आहे. माझं कुठे चुकतंय?’

प्रिय मैत्रिणी,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि सोबतचा परिच्छेद चार वेळा. बाकीच्या वाचकांनाही कळावं म्हणून तो आधी इथे देते.

‘इग्नाझ सेमेलवाइस यांचा जन्म १८१८ मध्ये झाला. १८४६ मध्ये ते व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात प्रसूती विभागात सहायक म्हणून रुजू झाले. तिथे प्रसूतीचे दोन विभाग होते. पहिल्या विभागात वैद्यकीय विद्यार्थी शिकत आणि दुसऱ्या विभागात सुइणी. पहिल्या विभागात बाळंतज्वराने जास्त स्त्रिया दगावत. १८४७ मध्ये त्यांचे सहकारी कोलेच्का यांना शवविच्छेदनाच्या वेळी सुरी लागली व त्यांचा मृत्यू झाला. मे १८४७ मध्ये त्यांनी क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. मृत्युदर घटला. अनेक डॉक्टरांनी त्यांचे म्हणणे मानले नाही. १८६५ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. आजही हात धुण्याचे महत्त्व आपण जाणतो.’

यात चुकीची माहिती एकही नाही. भाषा स्वच्छ आहे. वाक्यं छोटी आहेत, आणि ही मोठी जमेची बाजू आहे, कारण पदव्युत्तर निबंधांत पाच-पाच ओळींची वाक्यं वाचून डोळे थकतात. तरीही तपासणाऱ्याला हा परिच्छेद विस्कळीत वाटला, आणि मलाही वाटला. माझ्या मते त्याचं कारण तुमच्या कामातच आहे. चौदा वर्षं तुम्ही रुग्णाच्या नोंदी लिहिता आहात. तिथे जे घडलं ते घडलं त्या क्रमाने लिहायचं असतं : किती वाजता ताप पाहिला, कोणतं औषध दिलं, किती दिलं. त्या कागदावर क्रमच महत्त्वाचा. हीच शिस्त तुम्ही निबंधात आणली. जन्म, नेमणूक, घटना, उपाय, विरोध, मृत्यू. ही नोंद झाली, आणि नोंद म्हणून उत्तम झाली. पण तुम्हाला विचारलं होतं, पुराव्याचा आधार कितपत होता. या अकरा वाक्यांतलं एकही त्या प्रश्नाकडे तोंड करून उभं नाही.

आता दुसरी गोष्ट आठवून पाहा. ड्युटी बदलताना पुढच्या सिस्टरला तुम्ही तोंडी काय सांगता? ‘सात नंबरकडे लक्ष ठेव. दुपारपासून लघवी कमी झाली आहे, नाडी वाढत चालली आहे, ताप मात्र नाही. म्हणजे अंगातलं पाणी कमी पडत असावं, डॉक्टरांना कळवलं आहे.’ हा परिच्छेद आहे. पहिल्याच वाक्यात मुद्दा आला. मग त्याच्यामागची निरीक्षणं आली, आणि फक्त लागतील तेवढीच आली. सात नंबरचा जन्म कुठे झाला हे तुम्ही सांगितलं नाहीत, कारण त्या क्षणी त्याचा उपयोग नव्हता. ‘ताप मात्र नाही’ हे सांगितलंत, कारण त्याने दुसरी एक शंका बाजूला पडते. आणि ‘म्हणजे’ म्हणून त्या निरीक्षणांचा अर्थ लावलात. तेव्हा परिच्छेद रचायला तुम्हाला येतं. कागदावर मात्र तुम्ही तोंडी सांगण्याची रीत सोडून नोंदवहीची रीत धरता.

वाक्यं आणि शब्द मोजण्याचा सल्ला चांगल्या मनाने दिलेला आहे, पण तो सोडून द्या. परिच्छेदाची लांबी मुद्दा ठरवतो. चार वाक्यांत सिद्ध होणारा मुद्दा सातपर्यंत ताणला की पातळ होतो, आणि बारा वाक्यांचा मुद्दा दीडशे शब्दांवर तोडला की पुरावा एका परिच्छेदात राहतो आणि त्याचा अर्थ दुसऱ्यात जातो. परिच्छेद या शब्दातच ‘छिद्’ म्हणजे कापणं आहे. चारी बाजूंनी सीमा आखून एक गोष्ट वेगळी काढायची. इंग्रजीतल्या पॅराग्राफचं मूळही असंच. ग्रीक हस्तलिखितांत अर्थ वळतो किंवा बोलणारा बदलतो त्या ओळीपाशी समासात एक छोटी आडवी रेघ मारत, तिला ‘पॅराग्राफोस’ म्हणत, बाजूला लिहिलेली खूण. वळण आलं की रेघ, इतका साधा तो हिशेब होता.

मुद्दा आधी सांगावा, ही अपेक्षा १८६६ मध्ये ॲलेक्झांडर बेन या स्कॉटिश प्राध्यापकाने परिच्छेदाचे नियम लिहिताना शब्दांत पकडली : सुरुवातीच्या वाक्याने परिच्छेदाचा विषय सूचित करावा. इंग्रजी लेखनाच्या वर्गांत आजही जे शिकवतात त्यातलं बरंचसं तिथून आलेलं आहे. पण मी स्वतः ज्या चौकटीचा आधार घेते ती त्याहून फार जुनी आहे, आणि तुम्हालाही तीच द्यावीशी वाटते. न्यायदर्शनात, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या तर्कशास्त्राच्या परंपरेत, अनुमानाची पाच अंगं सांगितली आहेत : प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. त्यांचा ठरलेला दाखला धुराचा. डोंगरावर आग आहे, ही प्रतिज्ञा. कारण तिथे धूर दिसतो, हा हेतू. जिथे धूर तिथे आग, जशी चुलीपाशी, हे उदाहरण. समोरच्या डोंगरावरही तसाच धूर आहे, हा उपनय. म्हणून डोंगरावर आग आहे, हे निगमन.

या पाचांतलं चौथं अंग नीट पाहा. चुलीचं उदाहरण कितीही बिनतोड असलं तरी ते चुलीचं आहे. ते उचलून आपल्या डोंगरापाशी आणून ठेवणारं वाक्य म्हणजे उपनय. विद्यार्थ्यांच्या निबंधांत प्रतिज्ञा बहुतेक वेळा सापडते, उदाहरणं तर ढिगाने सापडतात, निगमनही ‘यावरून स्पष्ट होते की’ असं म्हणत शेवटी येतंच. उपनय मात्र गायब असतो. पुरावा मांडला की तो आपोआप बोलेल, असा लिहिणाऱ्याचा विश्वास असतो. तो बोलत नाही. तुम्ही ‘मृत्युदर घटला’ असं लिहून पुढे निघून गेलात. घटला, हे खरं. पण त्या घटण्याने नेमकं काय सिद्ध झालं, कोणती शंका मिटली, कोणती शिल्लक राहिली? तुमच्या प्रश्नाचं सगळं उत्तर त्या न लिहिलेल्या वाक्यात होतं.

हे मी अनुभवाने सांगते आहे. माझ्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण मार्गदर्शकांकडून परत आलं तेव्हा जवळजवळ प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी समासात पेन्सिलीने एकच शब्द लिहिलेला होता : ‘मग?’ पहिल्या पानावर मला राग आला, दहाव्या पानावर रडू आलं. आठवडाभराने एकेका ‘मग?’चं उत्तर त्याच समासात लिहायला बसले, आणि लक्षात आलं की ती उत्तरं मला माहीत होती. इतकी माहीत होती की लिहायची राहूनच गेली होती. वाचणारा आपल्या डोक्यात बसलेला नसतो, ही गोष्ट त्या पेन्सिलीने मला शिकवली.

आता तुमच्याच सामग्रीतून हा परिच्छेद पुन्हा उभा करून पाहू. आकडे मी घातले आहेत; तुमच्या टिपणांत ते असणारच.

‘सेमेलवाइस यांचा निष्कर्ष तुलनेवर उभा होता, आणि ती तुलना त्यांना रुग्णालयाच्या रचनेनेच उपलब्ध करून दिली होती. प्रसूतीच्या दोन विभागांपैकी पहिल्यात वैद्यकीय विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी. १८४६ मध्ये पहिल्या विभागातला मृत्युदर सुमारे ११ टक्के होता, तर दुसऱ्यातला ३ टक्क्यांच्या आत. विभाग एकाच रुग्णालयात होते. त्यामुळे दूषित हवा हे त्या काळी सांगितले जाणारे कारण दोन्हींना सारखेच लागू व्हायला हवे होते, आणि गर्दी तर दुसऱ्या विभागात अधिक होती. उरणारा फरक शवविच्छेदनाचा होता : विद्यार्थी शवविच्छेदन करून प्रसूतीसाठी येत, सुइणी शवविच्छेदन करत नसत. मार्च १८४७ मध्ये सहकारी कोलेच्का शवविच्छेदनाच्या वेळी सुरी लागून दगावले आणि त्यांच्या शरीरात बाळंतज्वराच्या रुग्णांसारखेच बदल आढळले, तेव्हा या फरकाला कारणाचे रूप आले. मेच्या मध्यापासून पहिल्या विभागात क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती झाली. एप्रिलमध्ये १८ टक्क्यांवर असलेला मृत्युदर जूनमध्ये सुमारे २ टक्क्यांवर आला. विभाग तोच राहिला, विद्यार्थीही शिकत राहिले, बदलली ती हातांची स्वच्छता. म्हणून ही घट केवळ योगायोग मानता येत नाही. मात्र हातांवरून नेमके काय वाहून जात होते, हे या पुराव्यातून सांगता येत नव्हते.’

लांबी वाढली, तुम्ही पाहताच आहात. तरी वाचताना तो लहान वाटतो, कारण प्रत्येक वाक्य आधीच्या वाक्याचा हात धरून येतं. ‘विभाग एकाच रुग्णालयात होते, त्यामुळे’ आणि ‘विभाग तोच राहिला’ ही उपनयाची वाक्यं. ती काढून पाहा, खाली आकड्यांचा ढीग उरेल. शेवटचं वाक्य मी मुद्दाम ठेवलं आहे. प्रश्नात ‘कितपत’ हा शब्द आहे, तेव्हा पुरावा कुठे थांबतो हेही सांगायला हवं.

आणि काय गळालं ते पाहा. जन्माचं साल गेलं, मृत्यूचं साल गेलं, ‘आजही हात धुण्याचे महत्त्व’ गेलं. या तिसऱ्या वाक्याबद्दल मला थोडं कडक बोलायचं आहे. परिच्छेद कसा संपवावा हे सुचत नसलं की आपण असं वाक्य लिहितो. ते कोणीही नाकारणार नाही, आणि म्हणूनच ते काही सांगत नाही. तुम्ही रोज पाळीवर कितीदा हात धुता! तुमच्याकडे या विषयाची खरी जाण आहे. असल्या वाक्याच्या आड ती झाकू नका.

डॉक्टरांच्या विरोधाचं वाक्यही या परिच्छेदातून गेलं, पण त्याला घर हवं. तो स्वतंत्र मुद्दा आहे, त्याचा स्वतंत्र परिच्छेद करा. दोन परिच्छेद जोडताना ‘तसेच’, ‘शिवाय’, ‘याचबरोबर’ असे शब्द आपण सुतळीसारखे वापरतो, आणि त्या सुतळीने बांधलेलं काही फार काळ टिकत नाही. जोड विचारात असली पाहिजे. आधीचा परिच्छेद ज्या उणिवेवर थांबला तिथूनच पुढचा सुरू करता येईल : ‘हातांवरून काय वाहून जाते हे दाखवता न आल्यामुळे टीकाकारांना जागा मिळाली.’ मग सांगा की रोगजंतूंचा सिद्धान्त तेव्हा अजून प्रस्थापित व्हायचा होता, की सेमेलवाइस यांचं स्वतःचं सविस्तर पुस्तक थेट १८६१ मध्ये आलं. विरोध करणारे सगळे हटवादी होते, असं सरसकट चित्र रंगवण्यापेक्षा हे जास्त प्रामाणिक आहे, आणि तपासणाऱ्यालाही त्यात विचार दिसेल.

मराठीत लिहिताना दोन गोष्टी खास सांभाळाव्या लागतात. इंग्रजीतल्या मार्गदर्शनात त्या तुम्हाला या रूपात सापडणार नाहीत, म्हणून जरा थांबून सांगते.

एक म्हणजे आपलं आदरार्थी बहुवचन. तुमचा परिच्छेद पुन्हा पाहा : ‘कोलेच्का यांना सुरी लागली व त्यांचा मृत्यू झाला. मे १८४७ मध्ये त्यांनी हात धुण्याची सक्ती केली.’ हे ‘त्यांनी’ कोण? व्याकरणाने पाहिलं तर आधीच्या वाक्यात वारलेले कोलेच्का! पुढे ‘अनेक डॉक्टरांनी त्यांचे म्हणणे मानले नाही. १८६५ मध्ये त्यांचा मृत्यू झाला.’ इथे तो मृत्यू डॉक्टरांचाही वाटू शकतो. एका माणसाला मान द्यायचा आणि अनेक माणसांबद्दल बोलायचं, दोन्हीसाठी आपल्याकडे सर्वनाम एकच. म्हणून परिच्छेदात दुसरी व्यक्ती किंवा गट आला की पुढच्या वाक्यात नाव पुन्हा लिहा. पुनरुक्ती होईल म्हणून घाबरू नका. नाव दोनदा आलेलं वाचणाऱ्याला खटकत नाही, माणूस हरवलेला खटकतो.

दुसरी गोष्ट शब्दांच्या क्रमाची. मराठी वाक्याचा भार क्रियापदाच्या अगदी अलीकडे पडतो. ‘मे १८४७ मध्ये हात धुण्याची सक्ती सुरू झाली’ आणि ‘हात धुण्याची सक्ती मे १८४७ मध्ये सुरू झाली’ या दोन्हींत माहिती तीच आहे. पण पहिलं वाक्य ‘काय सुरू झालं’ याचं उत्तर देतं आणि दुसरं ‘केव्हा’ याचं. परिच्छेदात आधी सक्तीबद्दल बोलणं चाललं असेल तर दुसरं घ्या, त्या महिन्याबद्दल चाललं असेल तर पहिलं. वाचणाऱ्याला जे आधीच माहीत झालं आहे ते वाक्याच्या तोंडाशी आणि नवं ते क्रियापदाजवळ, एवढं पाळलं की वाक्यं एकमेकांत अडकत जातात आणि ‘तसेच’ची गरज आपोआप कमी होते. तुमच्या अकरापैकी चार वाक्यांची सुरुवात सालाने किंवा महिन्याने होते. त्यामुळेही परिच्छेद दिनदर्शिकेसारखा वाटतो.

मुद्दा नेहमी पहिल्याच वाक्यात हवा का, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण मनात येईल. नाही, नेहमी नाही. मुरलेले इतिहासकार कधी एखादा प्रसंग सांगत सांगत शेवटी मुद्द्याशी येतात, आणि ते वाचायला सुंदर असतं. पण तो परिच्छेद लिहितानाही मुद्दा त्यांच्या मनात पहिल्या शब्दापासून असतो. तुमचा हात अजून बसतो आहे, तेव्हा काही महिने मुद्दा पुढेच ठेवा. अवतरणांबद्दल एवढंच, की परिच्छेद दुसऱ्याच्या शब्दांवर संपवू नका. अवतरण हा पुरावा आहे, त्याच्यामागून तुमचं वाक्य यायलाच हवं.

दोन आठवडे पुरेसे आहेत. सगळा निबंध नव्याने लिहायला बसू नका. आहे तो छापून घ्या, आणि प्रत्येक परिच्छेदाच्या बाजूला तो काय म्हणतो ते एका वाक्यात लिहा. ‘हा परिच्छेद सेमेलवाइस यांच्याविषयी आहे’ असं लिहाल तर ते विषयाचं नाव झालं, म्हणणं नव्हे. कोणीतरी ‘कशावरून?’ असं विचारू शकेल असं वाक्य हवं. जिथे ते जमत नाही तिथे मुद्दा नाही. जिथे ‘आणि’ घालून दोन म्हणणी लिहावी लागतात तिथे बहुधा दोन परिच्छेद दडले आहेत. मग ही समासातली वाक्यं तेवढी ओळीने एका वेगळ्या कागदावर उतरवा आणि मोठ्याने वाचा. तो कागद म्हणजे तुमच्या निबंधाचा युक्तिवाद. त्यात उडी वाटली तर तिथे काहीतरी लिहायचं राहिलं आहे, तेच ते पुन्हा ऐकू आलं तर दोन परिच्छेद एक करा. भाषा सुधारण्याचं काम यानंतर. आधी केलंत तर नंतर वगळायच्या वाक्यांवर तुमची संध्याकाळ खर्च होईल, आणि नोकरी करून शिकणाऱ्याच्या संध्याकाळी मोजक्याच असतात, हे मला माहीत आहे.

एक शेवटचं. वर मी जो परिच्छेद रचला आहे तो तसाच उचलून निबंधात घालू नका. कोलेच्कांचा मृत्यू मी मधे ठेवला आहे. तुम्हाला कदाचित तो सुरुवातीला घ्यावासा वाटेल, कारण त्या एका जखमेपासून विचाराला वेग आला, असा तुमचा मुद्दा असू शकतो. तसं असेल तर जरूर पुढे घ्या. मात्र मग पहिलं वाक्य बदलावं लागेल, आणि दोन विभागांचे आकडे त्या जखमेशी कसे जोडले जातात हे सांगणारं वाक्य तुम्हाला स्वतःला शोधावं लागेल.